बिसेत्रचे म्हातारे आणि मेंदूतली विवरं

पॅरिसच्या दक्षिण वेशीबाहेर बिसेत्र नावाची एक अवाढव्य वास्तू आहे. शहराला नकोशा झालेल्या पुरुषांची सोय तिथे लावली जाई. वेडे, भिकारी, अपंग आणि सांभाळायला कोणी उरलं नाही असे म्हातारे तिथे येत. 1836 पर्यंत आवारात तुरुंगही होता. बायकांसाठी तसंच ठिकाण म्हणजे साल्पेत्रियेर. एकदा आत आलेला माणूस सहसा तिथेच म्हातारा होई आणि तिथेच मरे. जिवंतपणी त्याची चाल, बोलणं, हसणं-रडणं पाहिलेला डॉक्टर मृत्यूनंतर त्याचाच मेंदू कापून पाहू शकत असे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मज्जाविज्ञान भरभराटीला आलं, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. म्हाताऱ्यांना कोणी विचारत नव्हतं, हे उघडच आहे.

1890 च्या दशकात पिएर मारी बिसेत्रमध्ये आला. तो साल्पेत्रियेरच्या प्रख्यात मज्जातज्ज्ञ शार्कोचा शिष्य आणि पुढे त्याच्याच अध्यासनाचा वारस. तिथल्या म्हाताऱ्यांमधला एक प्रकार त्याच्या डोळ्यांत भरला. हे लोक तुरूतुरू, इवलीइवली पावलं टाकत, पाय जमिनीवरून नीट उचललेच जात नसत. कधीतरी अंगाची एक बाजू लुळी पडलेली असे, पण काही आठवड्यांत बरीचशी सावरलेली. बोलणं जरा अडखळत. किरकोळ कारणाने रडू किंवा हसू फुटे आणि थांबवता येत नसे. लघवी रोखून धरणं जमत नसे. बुद्धी पुरती गेलेली नसे, मंदावलेली असे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून द्यावं, असंच सगळं चित्र.

मारीने सोडून दिलं नाही. 1901 मध्ये त्याने आपला लेख छापला. अशा पन्नास मेंदूंत त्याला खोलवर लहान लहान पोकळ्या सापडल्या होत्या, काही वाटाण्याएवढ्या, काही मसुरीच्या दाण्याहून बारीक. फ्रेंचमध्ये त्यांना ‘लॅक्यून’ म्हणत. आपण विवरं म्हणू. म्हातारपणी अंगावरून वारं जाण्यामागे मोठा रक्तस्राव किंवा मोठी धमनी तुंबणं याहून ही विवरंच जास्त वेळा असतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच लेखात त्याने एक घोळही निस्तरला. मेल्यानंतर मेंदू वेळेवर जतन केला नाही तर जंतूंमुळे वायू सुटून त्याला भोकं पडतात, आणि आधीच्या काहींनी तीच आजाराची खूण मानली होती. कोणती भोकं मरणाआधीची आणि कोणती नंतरची, हे वेगळं काढण्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

विवरांवर पहिली नजर मात्र त्याची नव्हती. साठ वर्षं आधी, 1838 मध्ये, आमेदे देशांब्र या तरुण डॉक्टरने तो शब्द वापरला होता. 1842-43 मध्ये मॅक्सिम द्युरां-फार्देलने बिसेत्र आणि साल्पेत्रियेरच्या वृद्धांच्या मेंदूंत आणखी एक गोष्ट टिपली. रक्तवाहिन्यांच्या भोवतीची जागा रुंदावून मेंदूचा काप चाळणीसारखा दिसतो. विवर आणि चाळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कळलं होतं. आज एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरालाही नेमका हाच फरक करावा लागतो.

या पोकळ्या खोलवर, ठराविक जागीच का? मेंदूच्या तळाशी असलेल्या जाड धमन्यांतून केसांसारख्या बारीक फांद्या थेट काटकोनात फुटतात आणि आतल्या गाभ्यात शिरतात. जाड धमनीतला दाब त्या फांदीवर फारसा न ओसरताच आदळतो. शिवाय या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक बुजली तर शेजारीण मदतीला येत नाही, आणि तिच्यावर जगणारा भाग मरून त्याची पोकळी होते. पृष्ठभागावरून आत उतरणाऱ्या लांब वाहिन्यांची तऱ्हा वेगळी. मेंदूच्या आतला पांढरा भाग, म्हणजे पेशींना पेशींशी जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे, त्यांच्या पार टोकाला येतो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याची जी गत, तीच या पांढऱ्या भागाची. वरून प्रवाह किंचित कमी झाला तरी पहिला कोरडा तोच पडतो.

हा दुसरा भाग जर्मनीत एकाने पाहिला. येना शहराच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख ओटो बिन्सवांगर. वेड लागलेला नीत्शे 1889 साली त्याच्याच रुग्णालयात दाखल झाला होता. तेव्हा युरोपातली वेड्यांची रुग्णालयं सिफिलिसने मेंदू पोखरलेल्या रुग्णांनी भरलेली असत, आणि बिन्सवांगरचा खटाटोप त्यांतून निराळे आजार वेगळे काढण्याचा होता. 1894 मध्ये त्याने बर्लिनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं की काही रुग्णांत मेंदूची साल जवळजवळ शाबूत राहते, आतला पांढरा भाग तेवढा झिजतो आणि माणूस हळूहळू बुद्धी गमावतो. लेख गाजण्यासारखा नव्हता. आठेक रुग्णांचा दाखला दिला, पण तपशील सांगितला जेमतेम एकाचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं त्याचा एक शब्दही नाही. त्या एका रुग्णालाही सिफिलिस होऊन गेला होता! एवढ्या लंगड्या पुराव्यावर एखाद्याचं नाव रोगाला कायमचं चिकटावं, हा वैद्यकाच्या इतिहासातला एक गमतीदार अन्यायच म्हणायचा.

सूक्ष्मदर्शकाची बाजू सांभाळली ती अलॉइस अल्झायमरने. फ्रँकफर्टला असताना बरीच वर्षं तो धमन्यांच्या कठीणपणामुळे मेंदूत काय घडतं याच्या मागे होता. 1902 मध्ये बिन्सवांगरच्या आजाराचं वर्णन त्याने नीट केलं आणि दोष बारीक धमन्यांच्या जाड झालेल्या भिंतींवर ठेवला. चार वर्षांनी, नोव्हेंबर 1906 मध्ये, ट्युबिंगेनच्या एका सभेत त्याने पन्नाशीतच स्मृती गमावलेल्या एका बाईच्या मेंदूतल्या गुंतवळी आणि साचलेले ठिपके दाखवले. 1910 मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलीनने आपल्या पाठ्यपुस्तकात या दुसऱ्या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ज्या माणसाने रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशावर इतकं काम केलं, त्याचं नाव पुढे त्याच्या प्रतिस्पर्धी आजाराची ओळख बनलं.

त्यानंतर सुमारे अर्धशतक हा विषय कोणाच्या अंगणातच नव्हता. मनोविश्लेषणाची चलती आली, म्हाताऱ्यांचे मेंदू कापण्यात कोणाला रस उरला नाही. कोणतीही वृद्ध व्यक्ती विसरायला लागली की ‘डोक्याच्या नसा कडक झाल्या’ एवढं सांगून डॉक्टर पुढे जात. इतकं ढोबळ निदान झालं की त्यातून काही शिकण्यासारखं राहिलं नाही. विवरांबद्दल मारीने लिहिलेलं फ्रान्सबाहेर क्वचितच कोणी वाचत होतं.

मधल्या काळात खरी हालचाल झाली ती रक्तदाबाच्या बाजूला, आणि तीत मुंबईचा सहभाग आहे. चढलेला दाब म्हातारपणी गरजेचाच असतो, तो उतरवू नये, असं मानणारे नामांकित डॉक्टर त्या काळी होते. मार्च 1944 मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रूएन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना तपासलं तेव्हा दाब 186/108 होता, आणि तो उतरवण्यासाठी हाताशी धड औषध नव्हतं. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. शेवटच्या तासांत मोजलेला दाब होता 300/190.

यानंतर चार वर्षांनी, 1949 मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवरचा आपला प्रयोग छापला. वैद्यांना ठाऊक असलेली ही मुळी, 1931 मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलंही होतं. पण पाश्चात्त्य डॉक्टरांना पटेल अशा रीतीने दाबाची मोजमापं मांडली ती वकिलांनी. तो लेख बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि मुळी अमेरिकेत पोचली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पीन वेगळं काढलं. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालं. पुढे अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी 143 पुरुषांवर जो प्रयोग केला, त्यातल्या तीन औषधांपैकी एक रिसर्पीन होतं. 1967 च्या त्या निकालात खोट्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये 27 जणांवर गंभीर संकट ओढवलं, औषध घेणाऱ्यांमध्ये फक्त दोघांवर. दाब उतरवू नये म्हणणाऱ्यांचं तोंड त्या दिवशी बंद झालं. मुंबईत त्या मुळीच्या नावाचा एखादा तरी फलक असावा, असं मला वाटतं.

त्याच बॉस्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या शवागाराशेजारी, एक कॅनेडियन डॉक्टर मेंदूचे काप घेत बसलेला असे. चार्ल्स मिलर फिशर. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात डॉक्टर होता. एप्रिल 1941 मध्ये अटलांटिकमध्ये त्याचं ‘व्होल्टेअर’ जहाज जर्मनांनी बुडवलं आणि साडेतीन वर्षं त्याने जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत काढली. 1954 पासून तो या रुग्णालयात होता. त्याची चिकाटी दंतकथा व्हावी अशी होती. बुजलेली धमनी नेमकी कुठे आणि कशाने बुजली हे पाहायचं, तर विवराच्या आसपासच्या ऊतीचे एकामागून एक सलग काप घेऊन त्या केसभर वाहिनीचा माग काढत जायचं. एक काप निसटला की धागा तुटला.

1965 मध्ये त्याने हिशेब मांडला. एकापाठोपाठ एक तपासलेल्या 1042 मेंदूंपैकी 114 मध्ये मिळून 376 विवरं. त्या 114 माणसांपैकी जवळजवळ सर्वांना उच्च रक्तदाब होता. धमन्यांच्या भिंतींत त्याला चरबी आणि काचेसारखा चिवट पदार्थ साचलेला दिसला. भिंत सुजत जाऊन आतली वाट बंद होत होती. माझ्या मते याहून मोठं काम म्हणजे विवराची जागा आणि रुग्णाची तक्रार यांची त्याने घातलेली सांगड. बोलणं, दृष्टी, संवेदना सगळं ठीक, पण चेहरा-हात-पाय एका बाजूने लुळे. किंवा ताकद शाबूत, पण अर्ध्या अंगाला बधिरपणा. किंवा जीभ जड आणि एक हात वेंधळा. असा रुग्ण दिसला की डॉक्टर खाटेजवळ उभा राहून सांगू शकत होता की विवर अमुक जागी आहे. बिसेत्रच्या म्हाताऱ्यांना पुन्हा कोणीतरी नीट पाहिलं ते असं, साठ-पासष्ट वर्षांनी.

बुद्धीचा प्रश्न मात्र फिशरच्या हिशेबात मागे राहिला, आणि त्या बाबतीत काटा उलट्या दिशेला गेला. न्यूकॅसलच्या टॉमलिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ यांनी 1970 मध्ये पन्नास स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास छापला. सुमारे निम्म्यांमध्ये आढळलं ते अल्झायमरचं चित्र. इतकी वर्षं सगळा दोष नसांना देणारं वैद्यक आता सगळा दोष गुंतवळींना देऊ लागलं. 1974 मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ठामपणे लिहिलं की रक्तवाहिन्यांमुळे बुद्धी जाते ती एकामागून एक झटक्यांनी मेंदूचे तुकडे मेल्यामुळे, नसा कडक होऊन मेंदू हळूहळू उपाशी राहिल्यामुळे नव्हे. त्या वेळच्या भोंगळपणावर हा उतारा हवाच होता. पण पांढऱ्या भागाची झीज या मांडणीत कुठेच बसत नव्हती.

मग यंत्रं आली. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. ऐंशीच्या दशकात एमआरआय आला आणि वृद्धांच्या मेंदूतला पांढरा भाग जागोजागी चमकू लागला, स्वतःला ठणठणीत म्हणवणाऱ्यांचासुद्धा. डॉक्टर चक्रावले. या चकाकत्या डागांना कोणी गमतीने ‘यूबीओ’ म्हणू लागलं, उडत्या तबकड्यांच्या ‘यूएफओ’च्या चालीवर. 1987 च्या सुमाराला हाचिन्स्कीनेच त्यांना ‘ल्यूकोअरायोसिस’ हे नाव सुचवलं. कारण माहीत नाही, तर कारणाची बढाई मारणारं नाव नको, हा त्याचा आग्रह होता. 1987 मध्येच ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या फ्रान्झ फाझेकासने डागांना शून्य ते तीन अशी प्रतवारी लावली. आज पुण्या-नाशिकच्या निदान केंद्रातून मिळणाऱ्या अहवालात ‘फाझेकास ग्रेड टू’ असं लिहून येतं आणि घरचे घाबरून गूगल करतात, तो हाच फाझेकास.

डाग दिसले, पण त्यांनीच बुद्धी जाते का? म्हाताऱ्या माणसात रक्तदाब, मधुमेह, अल्झायमर सगळंच एकत्र नांदतं, कोणाला आरोपी करायचं? उत्तर मिळालं ते तरुण रुग्णांमध्ये. मारी-जर्मेन बुसेर आणि एलिझाबेथ तूर्निये-लासेर्व्ह या पॅरिसच्या संशोधिकांनी अशा कुटुंबांचा माग काढला की ज्यांत रक्तदाब नसतानाही चाळिशी-पन्नाशीत झटके येत आणि पुढे बुद्धी मंदावे. 1993 मध्ये दोष एकोणिसाव्या गुणसूत्रावर सापडला, 1996 मध्ये नॉच-3 हे जनुक निश्चित झालं. या आजाराला ‘कॅडासिल’ म्हणतात. इथे गुंतवळी नव्हत्या, वार्धक्य नव्हतं, फक्त बिघडलेल्या बारीक धमन्या होत्या. आणि तरी बुद्धी गेली. शंकेला जागा उरली नाही.

1997 मध्ये डेव्हिड स्नोडनने नन्सच्या अभ्यासातला पुढचा पुरावा मांडला. अमेरिकेतल्या नोत्र दाम संघाच्या 678 वृद्ध जोगिणींनी दरवर्षी बुद्धीच्या चाचण्या द्यायला आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायला संमती दिली होती. एकाच पद्धतीचं खाणं, एकाच तऱ्हेचं आयुष्य, दारू-सिगारेटचा प्रश्न नाही. पहिल्या 102 मेंदूंपैकी 61 मध्ये अल्झायमरच्या खुणा होत्या. त्या 61 पैकी ज्यांच्या खोल भागात एखाद-दुसरं विवर होतं, त्यांच्यात जिवंतपणी स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता विवर नसलेल्यांच्या वीसपट होती. गुंतवळी तितक्याच असूनही कोणी शेवटपर्यंत शब्दकोडी सोडवत होत्या, कोणाला स्वतःची खोली सापडत नव्हती. मसुरीच्या दाण्याएवढी पोकळी पारडं फिरवत होती.

एवढीशी जागा इतका उत्पात कसा करते, हे एमआरआयच्या नव्या तंत्रांनी उलगडत गेलं. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजून तंतूंचे जुडगे दाखवता येऊ लागले. डागाच्या बाहेरचा, दिसायला निरोगी पांढरा भागही आतून विसविशीत झालेला आढळला. 2012 मध्ये म्युनिकच्या मार्को ड्यूरिंगने कॅडासिलच्या रुग्णांत दाखवलं की खोलवर नवं विवर पडलं की त्याच्या तंतूंच्या दुसऱ्या टोकाची मेंदूची साल काही काळाने पातळ होते. म्हणजे इजा एकीकडे आणि झीज कितीतरी लांब. कपाळामागचा भाग या तंतूंवर सर्वांत जास्त विसंबून असल्याने सुरुवातीला स्मरणशक्ती जात नाही. कामाचा क्रम लावणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं, पटकन उत्तर देणं आधी जातं. बँकेचा फॉर्म भरताना अडलेले आजोबा नातवंडांची नावं बिनचूक सांगतात, त्यामुळे घरात कोणाला संशय येत नाही. चाल आणि लघवी बिघडतात, कारण त्यांचे तंतूही याच वाटेने जातात. मारीने पाहिलेला म्हातारा पुरेपूर समजला तो इथे.

असले घाव बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. रॉटरडॅममध्ये 1995-96 मध्ये साठीपुढच्या हजारभर लोकांचे मेंदू चित्रित केले आणि काही वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. ज्यांच्या मेंदूत न जाणवलेली विवरं होती त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं. 2003 मध्ये हा निकाल छापून आला.

मग रक्तदाब अधिक खाली आणला तर? 2010 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्प्रिंट’ प्रयोगात 9361 जण होते. निम्म्यांचा वरचा दाब 140 च्या खाली ठेवायचा, निम्म्यांचा 120 च्या. हृदयाला इतका उघड फायदा दिसू लागला की 2015 मध्ये प्रयोग ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला. हृदयाच्या दृष्टीने बरोबरच होतं ते, पण मेंदूची झीज तीन-साडेतीन वर्षांत मोजण्याइतकी थोडीच होते? 2019 मध्ये आकडे आले: बुद्धीची सौम्य घसरण 19 टक्क्यांनी कमी, स्मृतिभ्रंशही कमी, पण तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. पांढऱ्या डागांची वाढ दाब जास्त उतरवलेल्या गटात 0.92 घन सेंटीमीटर, दुसऱ्यात 1.45. आणि एक अनपेक्षित गोष्ट. दाब जास्त उतरवलेल्यांचा एकूण मेंदू किंचित जास्त आकसला होता, 30.6 घन सेंटीमीटर विरुद्ध 26.9. त्याचा अर्थ काय, यावर अजून वाद चालू आहे.

खुद्द धमनीच्या भिंतीचा हा बिघाड दुरुस्त करतं असं सिद्ध झालेलं औषध आजही नाही. ब्रिटनमध्ये 363 रुग्णांवर केलेल्या ‘लासी-टू’ चाचणीत, जिचे निकाल 2023 मध्ये आले, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल ही दोन जुनी, स्वस्त औषधं वापरून पाहिली. पहिलं छातीतल्या कळेवर देतात, दुसरं चालताना पोटऱ्या दुखणाऱ्यांना. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांमध्ये बुद्धीची घसरण कमी दिसली. पण ती चाचणी मुळात रुग्णांना ही औषधं झेपतात का, एवढंच पाहण्यासाठी आखलेली होती.